कॉफीचं बोन्साय : कोणती फांदी कापायची, कोणती नाही

(चिखलदरा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं.

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो, हात वर करून उत्तर द्या. आजवर चिखलदऱ्याहून परत जाताना कॉफीचं रोप गाडीत ठेवून किती जणांनी नेलंय? ... बघा, निम्मं सभागृह. आता दुसरा प्रश्न. त्यातली किती रोपं पुढचा मे महिना ओलांडून जगली? (हशा) तीन हात. चार. काकू, तुमचा हात अर्धाच वर आहे, म्हणजे रोप आजारी आहे असं समजतो.

आजचं बोलणं या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेबद्दल आहे. विषय बोन्सायचा आहे, पण रोप जगलंच नाही तर बोन्साय कशाचं करणार? त्यामुळे जगवण्याचं आणि वळण देण्याचं मी एकत्रच सांगणार आहे. कॉफीच्या बाबतीत ते वेगळं काढताही येत नाही.

बोन्साय म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर वड येतो, पिंपळ येतो, उंबर येतो. फार तर जेड, नाहीतर बोगनवेल. वडाचं सोपं आहे, कारण वड माफ करतो. तुम्ही चुकीची फांदी कापा, मुळं जास्त छाटा, आठवडाभर पाणी विसरा, तरी तो कुठून तरी फुटतो. किल्ल्याच्या बुरुजाच्या फटीत जे झाड उगवतं त्याला तुमच्या कुंडीची काय भीती? इथून गाविलगडावर गेलात तर भिंतींतून लोंबणारी मुळं बघा, म्हणजे कळेल. आणि फक्त बघा हां, उपटू नका. जपानमध्ये डोंगरातून झाड काढून आणून त्याचं बोन्साय करायची जुनी रीत आहे, आणि पुस्तकं वाचून आपल्यालाही तसं करावंसं वाटतं. पण आपण मेळघाटात बसलोय. व्याघ्रप्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊ जागांतली ही एक. इथल्या जंगलातून रोप काढणं हा गुन्हा आहे, आणि कॉफीच्या बाबतीत त्याची गरजही नाही. ते पुढे येईलच.

तर कॉफी माफ करत नाही. निदान एका बाबतीत तरी करत नाही. ती बाब मला स्वतःला चार वर्षं घालवून कळली, म्हणून आज ती सगळ्यात आधी सांगायची होती. पण त्याआधी हे झाड मुळात कुठलं, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्यातून उलगडत जाईल.

ज्याला आपण अरेबिका कॉफी म्हणतो तिचं मूळ घर इथिओपियाच्या नैऋत्येकडचं डोंगराळ जंगल. तिथे ती उंच झाडांच्या सावलीत, खालच्या थरात वाढते. म्हणजे डोक्यावर थेट ऊन नाही, हवा दमट, पायाखाली कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत आम्ल माती, पाऊस भरपूर पण उतारावर पाणी थांबत नाही. तापमान साधारण १५ ते २५ अंश. आता हे वर्णन चिखलदऱ्याशी ताडून बघा. आपण समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहोत, विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून हेच एक नाव घेतलं जातं. इंग्रजांच्या काळात इथे कॉफी लावली गेली आणि ती टिकली, ते उगाच नाही. आणि आता हेच वर्णन अकोल्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीशी ताडून बघा. (हशा) तेच म्हणतोय मी.

पण सावलीत वाढणारं झाड म्हणजेच घरात राहू शकणारं झाड. आपण ज्यांना घरातली झाडं म्हणतो, मनीप्लँट घ्या, मॉन्स्टेरा घ्या, ती बहुतेक सगळी कुठल्या ना कुठल्या जंगलाच्या खालच्या थरातली आहेत. कॉफी तर कुंडीतली फार जुनी रहिवासी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात कॉफीची झाडं काचघरात वाढवलेली होती. १७१४ मध्ये त्यांतलं एक झाड फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेलं आणि पॅरिसच्या राजउद्यानात राहिलं. पुढे द क्लियू नावाचा एक फ्रेंच अधिकारी त्या वंशातलं रोप जहाजावरून वेस्ट इंडीजमधल्या मार्तिनिक बेटावर घेऊन गेला. वाटेत पाण्याचा तुटवडा पडला तेव्हा आपल्या वाटणीचं पाणी त्याने रोपाला घातलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. स्वतःबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा थोडं मीठ टाकून घ्या. पण अमेरिका खंडातल्या कॉफीचा मोठा भाग अशा दोन-चार कुंडीतल्या झाडांपासून पसरला हे खरं. आपल्याकडे बाबा बुदन यांनी सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या अशी परंपरेने आलेली गोष्ट आहे. आपल्या गाडीतलं रोप, म्हणजे, चांगल्या घराण्यातलं आहे.

आता मुख्य गोष्ट.

कॉफीच्या मळ्यात कधी गेला असाल तर बघा, तिथलं झाड माणसाच्या खांद्याएवढंच असतं. आपल्याला वाटतं कॉफीचं झुडूपच असतं. तसं नाही. अरेबिका मोकळी सोडली तर पाच-सहा मीटर, कधी त्याहूनही वर जाते. मळ्यात तिचा शेंडा मारतात, हात पोचेल इतक्याच उंचीवर तिला धरतात, आतली गर्दी विरळ करतात, आणि झाड म्हातारं झालं की जमिनीपासून फूटभरावर कापून नवीन फुटीवर पुन्हा उभं करतात. म्हणजे मळ्यातला कामगार वर्षभर जे करतो ते मोठ्या मापाचं बोन्सायच आहे. त्याला कुणी कलावंत म्हणत नाही, इतकाच फरक. कॉफीचं बोन्साय शिकायचं असेल तर बोन्सायच्या पुस्तकाआधी या माणसाचे हात बघावेत, असं माझं मत आहे. मी उलट केलं.

मी काय केलं? माझ्याकडे हातभर उंचीचं, छान सरळ रोप होतं. दोन्ही बाजूंना जोडीजोडीने आडव्या फांद्या, शंकराच्या देवळातल्या दीपमाळेसारख्या. पुस्तकात लिहिलेलं, आधी खोड जाड होऊ द्या, खालच्या नको असलेल्या फांद्या काढा, नंतर हव्या त्या जागी नव्या फांद्या येतील. वडाचा अनुभव होताच. मी खालच्या पाच जोड्या खोडालगत साफ कापल्या आणि वाट बघत बसलो. पावसाळा आला, फूट आली. पण आली ती सगळी उभी. खोडाला चिकटून सरळ आकाशाकडे जाणारे सोटे. एकही आडवी फांदी नाही. मी त्यांना तार बांधून आडवं केलं. तारेपर्यंत आडवे राहिले, तारेच्या पुढे शेंडा वळवून पुन्हा वर. कापले, पुन्हा आले, पुन्हा उभेच. चार पावसाळे हे चाललं.

शेवटी इथल्याच एका मळ्यात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते झाड दाखवलं. त्याने एकदाच बघितलं आणि म्हणाला, "तिथं आता नाई येत. एकदाच येते ते." झालं. चार वर्षांचं उत्तर एवढंच.

याचं शास्त्र असं आहे. कॉफीला दोन प्रकारच्या फांद्या असतात आणि त्या एकमेकींचं काम करत नाहीत. एक उभी वाढणारी, म्हणजे खोड आणि खोडासारखे सोटे. दुसरी आडवी वाढणारी, जिच्यावर फुलं-फळं येतात. पानाच्या प्रत्येक बगलेत एकावर एक अशा डोळ्यांची रांग असते. मुख्य खोडावर त्या रांगेतला सगळ्यात वरचा डोळा तेवढा आडवी फांदी देतो, आणि तो एकदाच फुटतो. खालचे उरलेले डोळे झोपून राहतात. शेंडा मारला, खोड वाकलं किंवा आडवी फांदी गेली की ते जागे होतात, पण ते देतात उभे सोटे. म्हणजे खोडावरच्या एका पेराला दोन पानं, दोन बगला, आणि आयुष्यात दोनच आडव्या फांद्या. त्या खोडालगत कापल्या की त्या पेराचा हिशेब संपला.

आपल्याकडे संत्र्याचे बागायतदार बसलेत. तुम्ही ज्याला पानसोट म्हणता आणि येता-जाता मोडून टाकता, तेच हे. फक्त संत्र्याला पानसोट मोडला तरी दुसऱ्या बाजूची फांदी सावरून घेते. कॉफीत तशी सोय नाही.

आणखी एक गंमत. आडव्या फांदीचा तुकडा तोडून त्याला मुळं फुटवली, तर ते रोपही जन्मभर आडवंच पसरतं, उभं खोड धरत नाही. आपल्याकडे दिवाणखान्यात जो ख्रिसमस ट्री ठेवतात, म्हणजे अरौकारिया, त्याचंही तसंच आहे, बाजूची फांदी लावली की झाड लोळतं. छाटाचं रोप म्हणून असं काही कुणी गळ्यात मारलं तर सरळ उभ्या बोन्सायची आशा सोडा. पण उंच कुंडीतून एका बाजूला खाली झेपावणाऱ्या शैलीचं बोन्साय करायचं असेल, तर हे लोळणारं रोप सोन्यासारखं. दोष आणि गुण एकच.

तर आता हे डोक्यात ठेवून कामाला लागू.

सुरुवात बियांपासून करा. हिवाळ्यात फळं लाल होतात. मळ्यात विचारून, पैसे देऊन, पाच-दहा लाल फळं घ्या. पोलीस केस होत नाही आणि रोपापेक्षा स्वस्त पडतं. (हशा) बोटांनी दाबून गर काढा, धुवा. बीवरचं कागदासारखं टणक टरफल तसंच राहू द्या. सावलीत सुकवा. चुलीची चाळलेली राख चोळली तर बुरशी लागत नाही, मळ्यातही तसंच करतात. आणि लगेच पेरा. कॉफीचं बी ज्वारीसारखं नाही, डब्यात ठेवलं तर काही महिन्यांत उगवण हरवून बसतं. किराणा दुकानातल्या भाजलेल्या बिया पेरणारेही मला भेटलेत, त्यांना नमस्कार. सपाट बाजू खाली ठेवून अर्धा इंच खोल पेरायचं. दीड-दोन महिने काही दिसत नाही, माणूस कुंडी फेकायला निघतो, आणि मग एक वाकडा देठ टरफलाची टोपी डोक्यावर घेऊन वर येतो. मळेवाले त्या अवस्थेला टोपीच म्हणतात. टोपी स्वतःहून पडू द्या. मदत करायला गेलात तर पानं फाटतात.

रोपाला चार-सहा खरी पानं आली की पहिली शस्त्रक्रिया, आणि ती वर नाही, खाली. सोटमूळ छाटायचं. साधारण एक तृतीयांश. त्यामुळे बाजूची मुळं सुटतात, आणि पुढे उथळ कुंडीत बसायला तीच लागतात. पिशवीतलं विकतचं रोप आणलंत तर पिशवी कापून आधी सोटमूळ बघा. तळाला टेकून ते बऱ्याचदा छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं असतं. मळ्यात असं रोप बाद करतात. तुम्ही बाद नका करू, वळणाच्या वर छाटा. पण हे पावसाळ्याच्या तोंडावर करा, जूनच्या शेवटी, जुलैत. उन्हाळ्यात केलं की रोप गेलंच.

यानंतर दोन वर्षं काही करायचं नाही. बोन्सायवाल्यांना हे जमत नाही, हात शिवशिवतात. पण खोड जाड व्हायचं तर मोठी कुंडी आणि मोकळी पानं लागतात. या काळात एकाच गोष्टीकडे लक्ष द्या, प्रकाश. का, ते सांगतो. बियाच्या रोपाला पहिली आडवी फांदी लगेच येत नाही, साधारण आठ-दहा पेरं वर गेल्यावर येते. आता रोप अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर प्रत्येक पेर लांब होणार, आणि पहिली फांदी येईपर्यंत रोप गुडघ्यापर्यंत गेलेलं असणार. उजेडात असेल तर पेरं आखूड, आणि पहिली फांदी वितीभरावर. बोन्सायमध्ये पहिली फांदी किती खाली आहे त्यावर सगळं चित्र अवलंबून असतं, आणि कॉफीत ती नंतर खाली आणता येत नाही. म्हणजे तुमच्या बोन्सायचा आकार तुम्ही कात्री हातात घ्यायच्या आधीच खिडकीने ठरवलेला असतो. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं दोन तासांचं कोवळं ऊन, बाकी दिवस उजेड. बाहेर ठेवत असाल तर हिरवी जाळी, नाहीतर एखाद्या मोठ्या झाडाची सावली.

जात निवडता आली तर ठेंगणी घ्या. कर्नाटकात बाळेहोन्नूरला कॉफीचं मध्यवर्ती संशोधन केंद्र आहे, १९२५ पासूनचं. भारतात लावल्या जाणाऱ्या जातींत कावेरी आणि चंद्रगिरी या बुटक्या, आखूड पेरांच्या. एस-७९५ ही जुनी, नावाजलेली, कपात फार चांगली, पण उंच वाढणारी. बोन्सायला पहिल्या दोन बऱ्या. रोबस्टाच्या वाटेला जाऊ नका. उष्णता ती जास्त सोसते, पण पान एवढं मोठं की बोन्साय नाही, केळीचं पिल्लू दिसतं.

पानांचं बोललो तर एक कबूल करून टाकतो. अरेबिकाचं पान चार-सहा इंच असतं. भरपूर उजेड, कमी नत्र, आवळलेली मुळं यांनी ते थोडं लहान होतं, पण तुळशीएवढं कधी होणार नाही. वडाची सगळी पानं खुडून नवी लहान पानं आणतात तसा प्रयोग इथे करू नका, कॉफी तेवढी ताकद ठेवून नसते, फांद्या वाळतात. त्यामुळे कॉफीचं बोन्साय तळहातावर मावणारं करूच नये. दीड ते दोन फूट उंची धरा. त्या मापाला ते पान शोभतं, आणि चकाकी तर अशी की पाहुणा आधी प्लास्टिकचं आहे का म्हणून हात लावून बघतो.

तिसऱ्या वर्षी, खाली चार-पाच जोड्या आडव्या फांद्या आल्या की शेंडा मारा. वाढ थांबली की सोटे येऊ लागतात. ते करंगळीएवढे असतानाच नखाने मोडायचे. कात्रीने कापलेला सोटा बुंध्याशी दोन डोळे ठेवतो, मोडलेला ठेवत नाही. हे काम आयुष्यभराचं आहे, दर पंधरवड्याला. आणि आडव्या फांद्या? त्या खोडालगत कापायच्या नाहीत, त्यांचा शेंडा खुडायचा, खोडापासून दोन-तीन पानजोड्या ठेवून. आडव्या फांदीवरचे डोळे आडव्याच उपफांद्या देतात. त्यातूनच दाटी येते. एखादी फांदी खरंच नको असेल तर आठ दिवस थांबा, झाडाभोवती फिरून बघा, घरातल्या कुणाला तरी विचारा, आणि मगच कापा. ती परत येणार नाही.

तारेबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार, फांदी हिरवी असताना. साल पातळ असते, दोन महिन्यांत तार रुतते. लाकूड पिकल्यावर वाकवाल तर कट्ट आवाज येतो, आणि तो आवाज पुढे फार दिवस ऐकू येत राहतो.

माझ्या त्या बिघडलेल्या झाडाचं काय झालं, विचाराल. मळ्यातली युक्ती केली. वितीभरावर सरळ कापून टाकलं. आठ-दहा सोटे आले, त्यांतले तीन ठेवले, कमी-जास्त जाडीचे. प्रत्येक सोट्याने पुढे स्वतःच्या आडव्या फांद्या काढल्या. आता ते एका बुंध्यातून तीन खोडं निघालेलं झाड आहे. मला हवं होतं ते नाही, पण झाडाला जमतं ते आहे.

आता पाणी. आणि इथे मी जरा जोरात बोलणार आहे, कारण वऱ्हाडात कॉफी मरते ती नव्वद टक्के उन्हाने नाही, पाण्याने. नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. पट्ट्याबाहेरही पाणी जड, चुन्याचं. किटली बघा आतून. कॉफीला माती आम्ल लागते, सामू सहा-साडेसहाच्या आसपास. चुन्याचं पाणी रोज घातलं की सामू वर चढतो, मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. खारं पाणी असेल तर पानांच्या कडा जळतात. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि अजून तेच पाणी घालतो.

त्यातही एक खास वऱ्हाडी चूक. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालणं. वाया जाऊ नये म्हणून घालतो आपण, हेतू चांगला. पण कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. दिवसभर चालल्यावर टाकीत राहतं ते दुप्पट-तिप्पट खारं पाणी. आरओच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. ते फरशी पुसायला वापरा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, ते जपून ठेवा. आणि सगळ्यात चांगलं पावसाचं. छतावरचं पाणी पहिला पाऊस जाऊ देऊन मग दोन ड्रममध्ये धरलं, झाकण घट्ट ठेवलं, तर एका झाडाला पुढचा उन्हाळा निघतो. उथळ कुंडी प्यायला कितीशी?

मातीचंही तसंच. आपली काळी माती कपाशीला देवमाणूस, पण कॉफीला नको. चिकट, आणि त्यात चुनखडीचे खडे. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, चांगलं कुजलेलं पानखत, धुतलेलं कोकोपीट, थोडी जाड वाळू. वाळू घरी आणली की चमच्यात घेऊन वर लिंबू पिळा. फसफसली तर त्यात चुना आहे, बांधकामाला द्या.

कूलरचा एक उपयोग मात्र आहे, हवेचा. मे महिन्यात अकोल्यात ४५ अंश आणि कोरडी हवा असते तेव्हा कूलर असलेल्या खोलीत, पण झोताच्या समोर नाही, अशा जागी कुंडी ठेवा. माणसांना बरं वाटतं तिथे कॉफीला बरं वाटतं.

आता शेवटचं, आणि हे संत्रावाल्यांना मी शिकवणार नाही, तेच मला शिकवतील. फुलं. कॉफीच्या कळ्या तयार होऊन झोपून राहतात. कोरडा काळ गेला आणि मग एक सर पडली, की आठ-दहा दिवसांत सगळ्या एकदम उमलतात. कर्नाटकातले मळेवाले मार्च-एप्रिलच्या त्या सरीकडे डोळे लावून बसतात. म्हणजे काय? ताण आणि ताण तोडणं. आंबिया बहाराला तुम्ही जे करता तेच. कुंडीत जानेवारीपासून पाणी कमी करत न्या. पूर्ण बंद नाही, कुंडी उथळ आहे. पानं दुपारी जराशी मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, तिथवर. असे तीन-चार आठवडे. मग एक दिवस पावसाच्या पाण्याने वरून खालपर्यंत आंघोळ. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड तयार असेल तर खोलीभर जाईजुईसारखा वास येतो. दोन-तीन दिवसच टिकतो, गावाला जाऊ नका. अरेबिका स्वतःच्याच परागावर फळ धरते, त्यामुळे एकटं झाडही पुरतं. फळ पिकायला आठ-नऊ महिने. बोन्सायवर सगळी ठेवू नका, पंधरा-वीस पुरे, नाहीतर फांद्या वाळतात. आणि ज्या पेरावर एकदा फळं येऊन गेली तिथे सहसा पुन्हा येत नाहीत, पुढच्या नव्या लाकडावर येतात, म्हणून शेंडे खुडत राहणं.

प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, माह्या कॉफीची पानं पिवळी पडून राह्यली. पानी तं मी रोज टाकतो. बोअरचं हाय. काहून होते?

उत्तर : भाऊ, उत्तर तुमच्या प्रश्नातच आलं. (हशा) नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत का? ... हो ना. मग आजपासून बोअर बंद. कुंडीतून पावसाचं किंवा आरओचं गाळलेलं पाणी भरपूर घालून खालून वाहू द्या, दोन-तीनदा, म्हणजे साचलेले क्षार धुतले जातील. चिलेटेड लोह मिळतं कृषी केंद्रात, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात फवारा. पिवळी झालेली जुनी पानं सुधारायची वाट बघू नका, नवीन येणारं पान बघा. आणि पाणी रोज नाही, वरची माती बोटाला कोरडी लागली की.

प्रश्न : घरात बोन्साय ठेवलं की घराची वाढ खुंटते असं म्हणतात. आणि झाडाला असं आखडून ठेवणं क्रूरपणा नाही का?

उत्तर : पहिल्याचं मला काही सांगता येणार नाही, माझं घर भाड्याचं आहे, वाढायचा प्रश्नच नाही. दुसरा प्रश्न खरा आहे. मी त्याकडे असं बघतो. उपाशी ठेवलेलं झाड बोन्साय नसतं, ते मरतुकडं झाड असतं. चांगलं बोन्साय दरवर्षी नवीन पानं काढतं, फुलतं, फळतं. मळ्यातल्या कॉफीला तुम्ही क्रूरपणा म्हणत नाही, आणि तिचीही उंची कुणीतरी धरलेलीच आहे. पण एखादं झाड तीन वर्षांत एकदाही फुललं नाही, तर ते तुमच्याकडे सुखात नाही. तेव्हा त्याला उथळ कुंडीतून काढून मोठ्या कुंडीत सोडावं. हे मी केलंय, आणि त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : फांद्यांच्या बेचक्यांत पांढरं कापसासारखं काहीतरी होतं. मुंग्याही खूप.

उत्तर : पिठ्या ढेकूण. तो गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि त्याला एका फांदीवरून दुसरीकडे नेतात. बोन्साय लहान असल्याचा हा फायदा, फवारणी लागत नाही. काडीला कापूस गुंडाळा, स्पिरिटमध्ये बुडवा आणि एकेक टिपून पुसा. आठ दिवसांनी पुन्हा, कारण अंडी राहतात. कुंडीचे पाय पाण्याच्या बशीत ठेवा, मुंग्या थांबतील. आणि आतली दाटी जरा विरळ करा, पण शेंड्याकडून. खोडालगत कात्री नाही.

प्रश्न : इथून आज रोप नेलं तर अमरावतीत आधी कुठे ठेवायचं?

उत्तर : परतवाड्यापर्यंत घाट उतरतानाच हवा बदलते, ते तुम्हालाही जाणवतं. गाडीत पायाशी ठेवा, डिकीत नको, काचेच्या उन्हात तर नकोच. घरी गेल्यावर पंधरा दिवस घरातल्या सगळ्यात गार, उजेडाच्या जागी. कुंडी बदलायची नाही, खत नाही, कात्री नाही. दोन-चार पानं गळतील, घाबरू नका. मग हळूहळू पूर्वेच्या खिडकीशी. आणि जाताना इथलंच पाच लिटर पावसाचं पाणी मिळालं तर कॅनमध्ये भरून घ्या, पहिला महिना त्यावर काढा.